सफकमधली खेडी आणि बाजारगावं : गाडीने, रेल्वेने, पायी (माहितीचा धागा)

ओसरी

लंडनहून दोन दिवस मोकळे मिळाले की आपली मंडळी कॉट्सवोल्ड, बाथ, स्टोनहेंज या ठरलेल्या फेरीला निघतात. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून सव्वा तासात इप्सविच येतं, आणि त्याच्या भोवती सफक काउंटी पसरली आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. डोंगर नाहीत, मोठं शहर नाही. खेडी आणि बाजारगावं मात्र रग्गड. हा धागा त्यांच्यासाठी. सुरुवात लॅव्हनमपासून करते, कारण ते उलगडलं की पश्चिम सफक निम्मं उलगडतं.

लॅव्हनम आज दोन हजारांच्या आतलं गाव. पण १५२४ च्या करवसुलीत ते इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत होतं. पैसा लोकरीच्या कापडाचा : जाड, रुंद पन्ह्याचं, निळ्या रंगाचं. हा निळा आपल्या निळीचा नव्हे, वोड नावाच्या झुडपाच्या पानांचा. व्यापारी कच्ची लोकर विकत घ्यायचा, आसपासच्या खेड्यांत सूत कातायला द्यायचा, मग ते विणकराकडे, मग तुडवून घट्ट करायला, मग रंगाऱ्याकडे. घरोघरी फिरणाऱ्या त्या मालाच्या प्रत्येक टप्प्यावर मालकी एकाचीच. अशा व्यापाऱ्यांत सगळ्यात मोठं घराणं स्प्रिंग यांचं. तिसरा थॉमस स्प्रिंग १५२३ मध्ये वारला. चर्चचा १४१ फुटी मनोरा मुख्यतः याच घराण्याच्या पैशावर उभा राहिला. मनोऱ्यावर त्यांचं मानचिन्ह पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे, दुर्बीण असेल तर न्या.

बाजारचौकातला गिल्डहॉल, म्हणजे गावातल्या संघाचं सभागृह, साधारण १५३० चा. त्यानंतर पन्नासेक वर्षांत धंदा बसला. कोल्चेस्टरला आलेल्या डच निर्वासितांनी हलकं आणि स्वस्त कापड काढलं, लॅव्हनमकडे दुसरा उद्योग नव्हता. पुढच्या शतकांत इंग्लंडभर लोकांनी जुनी लाकडी घरं पाडून विटांची बांधली, इथे तेवढा पैसाच कुणाकडे उरला नव्हता. म्हणून तीनशेवर संरक्षित इमारती आज जागच्या जागी आहेत. ज्याला आपण 'जपलेलं गाव' म्हणतो ते खरं तर दिवाळं निघालेलं गाव.

जायचं कसं : लिव्हरपूल स्ट्रीट ते मार्क्स टे, तिथे फलाट बदलून सडबरीची छोटी गाडी (वीसेक मिनिटं, वाटेत चॅपलचा ३२ कमानींचा पूल लागतो, बसलेल्यांना तो दिसत नाही, पूल खाली असतो). सडबरीहून लॅव्हनम ११ किमी, बस आहे. रविवारी मात्र बसच्या भरवशावर राहू नका. गावात चर्चकडून सुरुवात करा, उतरत वॉटर स्ट्रीटला या, मग चढून बाजारचौक. वॉटर स्ट्रीटखालून जुना ओढा अजून विटांच्या बंदिस्त नाल्यातून वाहतो, रस्त्याचं नाव त्याचंच. सकाळी दहाच्या आत पोहोचलात तर चौकात गाड्या लागलेल्या नसतात. फोटो काढायचे तर हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

---

घाटवळण

चांगला धागा. गाडीने जाणाऱ्यांसाठी भर घालतो.

इथल्या अरुंद रस्त्यांवर पांढऱ्या गोलात काळी तिरपी पट्टी दिसली की वेगमर्यादा साठ मैल. तो फक्त कायदा झाला. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचं कुंपण आणि पुढे काटकोनात वळण असेल तर पंचवीससुद्धा जास्त होतात. समोरून गाडी आली तर थांबायची जागा डावीकडे असेल तेव्हा तिच्यात शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा तिच्यात शिरेल. उजवीकडे घुसू नका, तिथे सगळ्यांचा गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट, गवतावर चाक घालू नका. मध्य सफक म्हणजे चिकणमाती. तिथे रस्त्याला लागून पाणी काढायचे खोल चर असतात आणि जूनपासून गवत त्यांच्यावर झाकण घालतं. चाक गेलं की ट्रॅक्टरच लागतो.

सप्टेंबरअखेरपासून शुगरबीटचा हंगाम. बेरी सेंट एडमंड्सच्या साखर कारखान्याकडे ट्रक सुरू होतात आणि शेतातला चिखल रस्त्यावर येतो. वर पाऊस पडला की तो साबण.

आता 'द सेंट्स'. बंगे आणि हेल्सवर्थ यांच्या मधल्या पट्ट्यात बाराएक गावांची नावं संतांवरून आहेत. साउथ एल्मम घराण्यात सेंट मायकल, सेंट पीटर, सेंट जेम्स, सेंट क्रॉस, ऑल सेंट्स वगैरे, आणि इल्केट्सल घराण्यात सेंट अँड्रू, सेंट जॉन, सेंट लॉरेन्स. सेंट मार्गारेट दोन्हीकडे आहे! नकाशाच्या अ‍ॅपमध्ये नुसतं 'सेंट मार्गारेट' टाकलं की निम्म्या वेळा चुकीच्या गावी. पोस्टकोडही कामाचा नाही, कारण विरळ वस्तीत एकच पोस्टकोड मैलभर पसरलेला असतो. उपाय जुना : ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ग्रिड रेफरन्स. पूर्व सफक बहुतेक 'टीएम' चौकोनात, पश्चिम 'टीएल' मध्ये. पुढचे सहा आकडे, त्यातले पहिले तीन आडवे, नंतरचे तीन उभे. एवढ्याने शंभर मीटरची जागा निश्चित होते. फोनला सिग्नल जातो, कागदी नकाशाचा जात नाही. पार्किंगचं यंत्रही पुष्कळदा अ‍ॅप मागतं, म्हणून नाणी जवळ ठेवा.

---

तिसरीघंटा

लॅव्हनम जरा जास्तच डोक्यावर घेतलं जातं असं वाटतं. बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र. त्याऐवजी कर्सी बघा. एकच रस्ता, एका टोकाला टेकडीवर चर्च, उतार, मध्ये ओढा थेट रस्त्यावरून वाहतो, पुन्हा चढ. पूल फक्त पायी जाणाऱ्यांना, बाजूला. कर्सी नावाचं जाडंभरडं लोकरी कापड एके काळी युरोपभर जायचं, नाव बहुधा याच गावाचं.

आणि ती गुलाबी घरं! गुलाबी रंगात बैलाचं रक्त घालायचे हे खरं का?

---

चुनखडी

रक्ताची गोष्ट प्रत्येक पाटीवर असते. रक्त वाळलं की तपकिरी पडतं, गुलाबी राहत नाही. चुन्याच्या निवळीत तांबडी माती, म्हणजे लोखंडाचा गंज असलेली गेरूसारखी माती, घातली की ओली असताना ती विटकरी दिसते आणि सुकल्यावर फिकी गुलाबी होते. चुना रंग पांढुरका करतो एवढंच त्यातलं रहस्य. डब्यात दिसतो तो रंग भिंतीवर येत नाही, म्हणून आधी हातभर जागेवर लावून दोन दिवस वाळू द्यायचा असतो.

या घरांच्या बांधणीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण नुसतं 'किती वाकडी घरं' म्हणून लोक पुढे जातात.

सांगाडा ओकचा, तोही ओला. वाळलेला ओक इतका कडक होतो की हत्यार चालत नाही, म्हणून तोडल्यावर लगेच घडवायचा आणि उभा करायचा. मग तो जागेवर वाळतो, पिळतो, आणि घर वाकतं. वाकडेपणा बहुतेक पहिल्या काही वर्षांतला आहे, पाचशे वर्षांत हळूहळू आलेला नाही. एका लाकडाचं जिभेसारखं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. दोन्ही भोकं मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर चुकवून पाडलेली असतात, त्यामुळे निमुळती खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. लोखंडी खिळा कुठेच नाही. सुताराच्या खुणा बघा : प्रत्येक सांध्यापाशी रोमन आकडे कोरलेले असतात. सांगाडा आधी अंगणात जमिनीवर जुळवायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचे. कुठलं लाकूड कुठे, ते या आकड्यांवरून.

उभे खांब जितके दाट तितका मालक पैसेवाला. लॅव्हनमच्या गिल्डहॉलला खांबांमधली फट जवळजवळ खांबाच्याच रुंदीची आहे. बांधकामाला एवढ्या लाकडाची गरज नव्हती, तो निव्वळ थाट. गरिबाच्या घरात खांब दूर दूर आणि मधली जागा कुडाने भरलेली. कूड अगदी आपल्याकडचाच : हेझलच्या काटक्यांची विण, वर माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गिलावा. कोकणातल्या माणसाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

जवळून बघायची एक गोष्ट. आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला चौकोनी खाचांची ओळ दिसली, आणि त्या खाचा कोनावर उभ्या असल्या, तर तिथे मूळची खिडकी होती. काच नव्हती, खाचांत लाकडी गज बसायचे. त्यांच्या आतल्या बाजूला लांब खोबण असेल तर तिच्यात सरकती फळी. अशा खाचा आज भिंतीच्या मधोमध, खिडकी नसलेल्या जागी सापडतात. दरवाजे-खिडक्या किती वेळा हलले ते त्यावरून वाचता येतं.

काळी-पांढरी घरं ही पश्चिमेकडची, शिवाय बरीचशी व्हिक्टोरियन काळातल्या फॅशनची. सफकचा ओक एक तर करडा-रुपेरी सोडलेला असतो, नाही तर सांगाड्यासकट सगळी भिंत चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली. त्या गिलाव्यात उठावाची नक्षी काढली की तिला पार्जेटिंग म्हणतात. क्लेअर गावात चर्चशेजारी 'एन्शंट हाउस' आहे, त्यावरची वेलबुट्टी बघून मग बाकीची बघा. भिंतीवर १४७३ सालही आहे.

---

ओसरी

@चुनखडी, वा! सिमेंटबद्दलही लिहा ना. तिथे घर घेणाऱ्या मराठी मंडळींना नेमकं तेच कुणी सांगत नाही.

---

चुनखडी

लिहितो. विसाव्या शतकात या घरांवर सर्रास सिमेंटचा गिलावा झाला. लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे हलतो, सिमेंट हलत नाही, त्याला केसासारख्या चिरा पडतात. पाणी चिरेतून आत जातं पण बाहेर वाळून येत नाही, कारण सिमेंट श्वास घेऊ देत नाही. ते भिंतीतून खाली उतरतं आणि तळाच्या आडव्या तुळईत साठतं. सगळ्यात आधी तीच कुजते. पाठोपाठ ओल्या ओकमध्ये डेथवॉच नावाचा भुंगा येतो.

ओळखायचं कसं : भिंतीच्या पायाशी गिलावा फुगलेला दिसतो, बोटाच्या पेराने ठोकलं तर पोकळ आवाज येतो, आत जमिनीपासून हातभर उंचीवर रंग सुटलेला असतो. पावसानंतर चार-पाच दिवस कोरडे गेले तरी भिंतीचा तळ गडद राहिला तर समजा.

दुरुस्तीत सिमेंट काढून तुळईचा कुजलेला भाग कापायचा, तिथे नवा ओक सांधून बसवायचा. मग पातळ लाकडी पट्ट्या, मध्ये आठ-दहा मिलिमीटर फट सोडून. या फटीतून गिलावा मागे जाऊन आकड्यासारखा अडकतो. फट कमी पडली तर गिलावा सपाट निघून येतो, ही नवख्या गवंड्याची नेहमीची चूक. गिलावा तीन हातांचा, चुन्याच्या लगद्याच्या एका भागाला जाड वाळूचे अडीच ते तीन भाग, पहिल्या दोन हातांत जनावराचे केस. प्रत्येक हात मधे वाळू द्यायचा. वर चुन्याची निवळी दुधाइतकी पातळ, चार-पाच हात, दर वेळी भिंत आधी ओली करून. दाट लावली की पापुद्रे सुटतात. पाच अंशांखाली आणि कडक उन्हात काम करायचं नाही, एप्रिल ते सप्टेंबर धरा.

घर संरक्षित यादीत असेल (श्रेणी एक, दोन-तारांकित, दोन) तर यातल्या कुठल्या कामाला परवानगी लागते ते जिल्हा परिषदेच्या संवर्धन अधिकाऱ्याला आधी विचारा. अर्जाला शुल्क नाही. विनापरवानगी बदल हा फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेला बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकावरही येऊ शकते. खरेदीआधीच्या कागदपत्रांत हे तपासून घ्या. सगळं घर प्लास्टिकच्या खिडक्यांचं असेल तर भाव कमी का आहे ते कळेल.

---

पाणवठा

खेड्यात घर घेणाऱ्यांसाठी दोन रुक्ष मुद्दे. पुष्कळ गावांत गॅसची नळयोजना नाही, घर तापवायला रॉकेलसारखं तेल टाकीत भरून घ्यावं लागतं. टाकी साधारण हजार-बाराशे लिटरची, पुरवठादार बहुधा पाचशे लिटरच्या खाली येत नाहीत. शेजारी मिळून एकत्र मागणी नोंदवली तर दर उतरतो. बऱ्याच गावांत अशी मंडळं आहेत. ऐन थंडीत टाकी रिकामी होऊ देऊ नका, तळाचा गाळ नळीत चढतो.

दुसरं, सांडपाणी. सेप्टिक टँकमधलं पाणी थेट ओढ्यात किंवा चरात सोडायला १ जानेवारी २०२० पासून मनाई आहे. जमिनीत मुरवायचं, नाही तर शुद्धीकरण यंत्र बसवायचं. चिकणमातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे मध्य सफकमध्ये बहुधा यंत्रच. तो खर्च कुणी करायचा हे सौद्यातच ठरवा.

---

समुद्रफेस

किनाऱ्याकडे वळू या. इप्सविचहून लोवेस्टॉफ्टपर्यंत ईस्ट सफक लाइन आहे, साधारण तासाला एक गाडी, दीड तास. वुडब्रिज, मेल्टन, सॅक्समंडम, डार्शम, हेल्सवर्थ, बेकल्स ही कामाची स्थानकं. 'विकम मार्केट' स्थानकावर विकम मार्केटसाठी उतरू नका, गाव तिथून तीनेक किलोमीटर आहे. फ्रॅम्लिंगम, ऑल्डब्रा, साउथवोल्ड यांच्या रेल्वे केव्हाच बंद झाल्या. साउथवोल्डची तीन फुटी अरुंद गाडी तर १९२९ मध्येच.

उच्चार आधी, कारण बसचालकाला विचारायची वेळ येते. लिहितात ऑल्डेबर्ग सारखं, म्हणतात ऑल्डब्रा. डनविच म्हणू नका, डनिच. होलेस्ली म्हणजे होझली. बरी सेंट एडमंड्समधलं 'बरी' म्हणजे बेरी. शेवटचा 'हॅम' सगळीकडे 'अम' होतो : लॅव्हनम, डेबनम. 'मार्केट हिल' नाव बघून टेकडी शोधू नका, इकडे 'हिल' म्हणजे बाजारचौक, सपाट असला तरी.

डनिच हे एके काळचं मोठं बंदर. १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी बंदराचं तोंड वाळू-गोट्यांनी बुजवलं, गाव समुद्रात ढासळत गेलं. तरी १८३२ पर्यंत ते पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतं, मतदार मूठभर! शेवटचं जुनं चर्च ऑल सेंट्स १९०४ पासून कड्यावरून कोसळू लागलं, मनोऱ्याचा शेवटचा भाग १९१९ मध्ये गेला. त्याचा एक आधारखांब उचलून नव्या चर्चच्या आवारात नेला आहे, तो बघायला मिळतो. कडा मऊ वाळूचा आहे, त्याच्या पायथ्याशी डबा खायला बसू नका. पाऊस थांबल्यानंतरच तो जास्त सुटतो.

साउथवोल्डमध्ये १६५९ च्या आगीनंतर जागोजाग मोकळी हिरवळ सोडली, पुन्हा आग पसरू नये म्हणून. दीपगृह समुद्रावर नसून घरांच्या गर्दीत आहे. पलीकडच्या वॉल्बर्झविकला जायला वल्ह्याची होडी, फक्त हंगामात आणि वारा बरा असेल तर. होडी नसेल तर नदीकाठाने वर पंचवीस मिनिटं चाला, बेली पूल लागतो.

ऑल्डब्राचा मूट हॉल, म्हणजे जुनी गावसभेची इमारत, सोळाव्या शतकात गावाच्या मध्यावर होता, आज जवळजवळ वाळूवर आहे. मधल्या गल्ल्या समुद्राने नेल्या. तिथे मराठी वाचकासाठी एक धागा सापडतो. १९०८ मध्ये एलिझाबेथ गॅरेट अँडरसन इथली महापौर झाली, इंग्लंडमधली पहिली स्त्री महापौर. ती आधी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनची डीन होती, आणि आपल्या डॉ. रखमाबाई तिथे १८८९ पासून शिकल्या, ते तिच्याच कारकिर्दीत. तिच्या वडिलांनी, न्यूसन गॅरेट यांनी, जवळच स्नेपला बार्लीचे माल्ट करायचे कारखाने बांधले. त्यातल्याच एका इमारतीत १९६७ मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या महोत्सवासाठी सभागृह झालं, १९६९ ला जळलं, १९७० ला पुन्हा उभं राहिलं.

---

तिसरीघंटा

गाडी न चालवणारे ज्येष्ठ सोबत असतील, दोन दिवस, रेल्वे स्थानकाजवळच मुक्काम हवा. कुठे राहावं? ऑल्डब्राला ऑगस्टात भयंकर गर्दी असते म्हणतात.

---

समुद्रफेस

मग वुडब्रिज. स्थानकातून बाहेर पडलं की नदी, आणि नदीवर भरतीची गिरणी. भरतीचं पाणी एकतर्फी दारातून तळ्यात शिरतं, ओहोटी लागली की पाण्याच्याच दाबाने दार मिटतं. नदी पुरेशी उतरली की साठलेलं पाणी चाकावर सोडायचं. म्हणजे दळण घड्याळावर नाही, चंद्रावर. दळणारा कधी पहाटे तीनला उठणार. सध्याची इमारत १७९३ ची. १९५७ मध्ये चाकाचा ओकचा दांडा मोडला आणि धंदा थांबला, नंतर दुरुस्त करून चालू केली. मूळ तळ्यात आज नौका उभ्या असतात, चाकासाठी लहान तळं वेगळं केलंय. चाक फिरताना बघायचं असेल तर भरतीचं वेळापत्रक बघून तास निवडा, भलत्या वेळी गेलात तर चिखल दिसेल.

नदीपलीकडे सटन हू, अँग्लो-सॅक्सन काळातली दफनभूमी. १९३९ मध्ये एका टेकाडाखाली २७ मीटर लांबीचं जहाज सापडलं. लाकूड पार कुजलेलं, पण वाळूत फळ्यांचा ठसा आणि लोखंडी रिवेट जागच्या जागी. ऐवज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इथे प्रतिकृती. मेल्टन स्थानकापासून वाट अर्धा तास, पण चढ आणि वर्दळीचा रस्ता. ज्येष्ठांना टॅक्सी बरी, आदल्या दिवशी ठरवा, उभी मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी बसने फ्रॅम्लिंगम. किल्ल्याच्या भिंतीवरून गोल फिरता येतं, तेरा बुरूज. १५५३ मध्ये मेरी ट्यूडरने राणीपदावर हक्क सांगताना माणसं इथेच जमवली. बुरुजांवर विटांच्या नक्षीदार चिमण्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा खोट्या, खाली चूलच नाही! भिंतीवर चढायला जिना आहे, गुडघे दुखत असतील तर तळ्याकाठून दिसणारा किल्लाच जास्त देखणा. परतीची बस संध्याकाळी लवकर संपते, आधी वेळ बघा. थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. जानेवारी २०२५ पासून एकेरी भाड्याला तीन पौंडांची मर्यादा आहे.

जेवणाचं : पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते सहाला उघडतं, सोमवारी कित्येक ठिकाणी अजिबात नाही. शाकाहारी लोकांनी दुपारचा डबा घ्यावाच.

---

घाटवळण

+१. थोडी दुरुस्ती : सटन हूला पायी जायचं तर थोडं लांबून जाणारी नदीकाठची वाट बघा, गाड्यांचा रस्ता टळतो.

पायवाटांबद्दल राहिलंच. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावर (१:२५,०००) हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या वाटा. खांबावर पिवळा बाण असेल तर फक्त पायी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही. वाट शेतातून गेली आणि शेत नांगरलेलं दिसलं तरी हक्क जात नाही. शेतकऱ्याने नांगरल्यापासून चौदा दिवसांत ती किमान एक मीटर रुंद करून द्यायची असते. पीक उभं असेल तर वाटेच्या रेषेवरून सरळ चाला. कडेने वळसा घातला तर उलट तुम्हीच हक्काबाहेर गेलात! फाटक जसं सापडलं तसं सोडा : उघडं तर उघडं, बंद तर बंद. वासरं असलेल्या गायींमधून कुत्रा घेऊन जाऊ नका. अंगावर आल्याच तर कुत्रा सोडून द्या, तो पळेल, तुम्ही सुटाल.

हिवाळ्यात मध्य सफकची चिकणमाती बुटाला अशी चिकटते की शंभर पावलांत पायाला अर्धा किलोचं ओझं. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्याकडची वाळूची, हीथरची माळरानं धरा, तिथे पाणी लगेच मुरतं. गोट्यांच्या किनाऱ्यावर मात्र वेग निम्मा पकडा.

---

शिलालेख

चर्चबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि सफकमध्ये मध्ययुगीन चर्च पाचशेच्या घरात आहेत! बहुतेक दिवसा उघडी असतात. दार बंद दिसलं म्हणून परतू नका. लोखंडी कडं गोल फिरवा, आत अडसर उचलल्याचा आवाज येतो, मग खांदा लावा. बाहेर जाळीचं दार असेल तर ते पाखरांसाठी; निघताना दोन्ही लावा, आत अडकलेली चिमणी पाण्यावाचून मरते.

या भागात बांधायचा दगड नाही. शेतात मिळतो तो फ्लिंट, काचेसारखा फुटणारा काळा गोटा. कोपरे काढायला तो निरुपयोगी, म्हणून मनोरे गोल बांधले अशी रूढ समजूत आहे. तिच्यावर अभ्यासकांत वाद आहेत, कारण ज्यांना परवडलं त्यांनीही गोल बांधले. असे गोल मनोरे सफकमध्ये चाळीसच्या आसपास. ब्रॅमफील्डचा तर चर्चपासून सुटा उभा आहे, आणि त्याच गावात नागमोडी विटांची भिंत आहे. ती हौस म्हणून वाकडी नाही : एका विटेच्या जाडीची सरळ भिंत वाऱ्याने पडते, नागमोडी केली की स्वतःला टेकू देते. सरळ दुहेरी भिंतीपेक्षा विटा कमी लागतात. दक्षिणेकडच्या वळणांत फळझाडं लावायचे, ऊब मिळते. अशी सर्वांत लांब भिंत बघायची तर ईस्टन.

एकच चर्च बघायचं तर ब्लायब्रा. दलदलीच्या काठावर, रस्त्यावरूनही दिसतं. छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत, मूळ रंग थोडा अजून शिल्लक. पंखांत छर्रे आहेत. ते विल्यम डाउझिंगच्या माणसांनी १६४४ मध्ये झाडले असं गाइड सांगतात. डाउझिंग मूर्तिभंजन करत फिरत होता हे खरं, पण छर्रे त्यानंतरच्या शतकातले, छतात घरटी करणारे डोमकावळे मारायला झाडलेले. उत्तरेकडच्या दारावर आतून भाजल्याचे डाग आहेत, १५७७ च्या वादळात दंतकथेतला काळा कुत्रा येऊन गेला त्याच्या नखांचे म्हणतात. दार आतल्या बाजूने बघा, नाही तर डाग दिसत नाहीत.

---

तिसरीघंटा

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. शेवटचं एक : कर्सीच्या ओढ्यातून साधी गाडी जाते का?

---

घाटवळण

एरवी पाणी घोट्याएवढं, सावकाश पहिल्या गिअरमध्ये जाते. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करा. जोराच्या पावसानंतर मात्र खोलीचा अंदाज पायपुलावरून घ्या. तळाचे दगड दिसत नसतील तर गाडी वळवा आणि चर्चच्या बाजूने पायी उतरा. आणि बदकं मध्ये बसलेली असतात. हॉर्नने उठत नाहीत.